दोनदा विकलेला गार्नेट

नाताळची पार्टी होती. बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाचे सर्वेसर्वा रेड ऑवरबाक गप्पांच्या रंगात आले होते. 1980 चं दशक सरत आलं होतं. संघाचे तीन आधारस्तंभ, लॅरी बर्ड, केव्हिन मॅकहेल आणि रॉबर्ट पॅरिश, तिशी ओलांडून गेले होते आणि दुखणीही सुरू झाली होती. तरी दुसऱ्या संघांकडून त्यांच्यासाठी चांगल्या मागण्या येत होत्या, आणि ऑवरबाक त्याच रंगवून सांगत होते. बर्ड आणि मॅकहेल तिथेच बसले होते. संघातला गार्ड डॅनी एन्ज ऐकत होता. त्याला राहवलं नाही. मग विकून टाका की या दोघांना, असं तो ऑवरबाकना म्हणाला. पुढे बऱ्याच वर्षांनी ही हकीकत एन्जनेच सांगितली.

ऑवरबाकनी ऐकलं नाही. विकला गेला तो एन्जच. फेब्रुवारी 1989 मध्ये त्याची रवानगी सॅक्रामेंटोला झाली. बर्ड पाठीच्या दुखण्याने 1992 मध्ये थांबला, मॅकहेल 1993 मध्ये, आणि पॅरिश 1994 मध्ये दुसऱ्या संघात गेला. तीन दिग्गज गेले आणि बदल्यात संघाच्या हाती काही उरलं नाही. 1996-97 च्या हंगामात सेल्टिक्स 82 पैकी 67 सामने हरले.

याचं खापर ऑवरबाकांच्या जिव्हाळ्यावर फोडणं मात्र अन्यायाचं होईल. उद्याची तरतूद त्यांनी केली होती. 1986 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी लेन बायस हा विलक्षण मुलगा निवडला, आणि दोनच दिवसांनी तो कोकेनमुळे गेला. त्यांच्या हाताखाली तयार झालेला रेजी लुईस 1993 मध्ये हृदयविकाराने गेला. म्हातारे सांभाळले म्हणून संघ बुडाला ही गोष्ट सांगायला सोपी आहे, पण ती अर्धीच आहे.

एन्जच्या डोक्यात मात्र ही अर्धी गोष्टच पक्की बसली असावी. 2003 मध्ये तो त्याच सेल्टिक्सचा कारभारी झाला.

इथे थोडं थांबून बाजार समजून घेऊ. आयपीएलचा लिलाव पाहून तयार झालेल्या आपल्या डोळ्यांना हा बाजार वेगळा वाटतो. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये लिलाव नाही, आणि थैली रिकामी करून दुसऱ्याचा खेळाडू उचलण्याची सोयही नाही. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू द्यायचा, आणि दोन्हीकडच्या पगारांची बेरीज साधारण जुळली पाहिजे. बेरीज जुळत नसेल तर तिसऱ्या-चौथ्या खेळाडूचा पासंग टाकायचा. यापलीकडे मुख्यतः एकच गोष्ट देता येते, ती म्हणजे येणाऱ्या वर्षांतल्या ड्राफ्टमधला आपला नंबर. दर जूनमध्ये कॉलेजांतून आणि परदेशांतून येणारी नवी पोरं संघ ओळीने निवडतात. जो संघ वाईट खेळला त्याचा नंबर वर, जो चांगला खेळला त्याचा खाली. या नंबराला ‘पिक’ म्हणतात. पिक आणि पीक यांत फरक एका वेलांटीचा, आणि दोन्ही हाती येईपर्यंत जिवाला घोर सारखाच.

म्हणजे पिक हा पुढच्या तारखेचा चेक झाला. पण हा चेक उलटा आहे. साधा चेक घेताना काढणाऱ्याच्या खात्यात पैसे असावेत अशी आपली इच्छा असते. इथे काढणाऱ्याचं खातं जितकं रिकामं, तितकी रक्कम मोठी. 2018 चं पिक दिलेला संघ 2018 मध्ये खड्ड्यात गेला तर तुम्हाला वरचा नंबर मिळणार. तो अजिंक्य ठरला तर हातात जवळपास कोरा कागद. धडपडणाऱ्या संघाने आपले म्हातारे विकून भविष्य घ्यावं का, हा प्रश्न अमेरिकेत दर हिवाळ्यात चघळला जातो. बहुतेक वेळा चर्चा चालते ती काय विकायचं याची. मला विचाराल तर ती चर्चा चुकीच्या टोकाला सुरू होते. कोणाला विकतोय, हे आधी पाहायला हवं. केव्हिन गार्नेट नावाच्या एकाच माणसाच्या दोन विक्रींनी हे जितकं उघडं करून दाखवलं, तितकं दुसऱ्या कशानेच नाही.

पहिली विक्री 31 जुलै 2007 ची. गार्नेट तेव्हा 31 वर्षांचा होता. शिकागोच्या हायस्कूलमधून थेट एनबीएत आलेला, 12 हंगाम मिनेसोटासाठी जीव काढून खेळलेला, 2004 चा सर्वोत्तम खेळाडू. संघ मात्र ढासळत चालला होता. मिनेसोटाचा कारभारी होता केव्हिन मॅकहेल, म्हणजे ज्याला विकून टाका असं एन्ज म्हणाला होता तोच. आणि समोर गिऱ्हाईक कोण, तर एन्ज! मॅकहेलने गार्नेट दिला आणि पाच खेळाडू व ड्राफ्टच्या पहिल्या फेरीची दोन पिक घेतली. एका माणसाच्या बदल्यात सात गोष्टी. कागदावर सौदा भरघोस दिसत होता. पाचांत अल जेफरसन हा 22 वर्षांचा खराखुरा गुणी मुलगा होता.

आता त्या दोन पिकांकडे पाहा. एक मिनेसोटाचंच होतं, पूर्वी बॉस्टनला देऊन टाकलेलं. ते घरी परत आलं. दुसरं बॉस्टनचं. ज्या बॉस्टनला मॅकहेल गार्नेट देत होता, त्याच बॉस्टनचं! आदल्या हंगामात अवघे 24 सामने जिंकलेला तो संघ गार्नेट आल्यावर 66 जिंकला आणि 2008 मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सना हरवून अजिंक्य ठरला. पुढच्या हंगामातही 62 जिंकला. त्यामुळे 2009 चं बॉस्टनचं पिक मिनेसोटाच्या हाती पडलं ते 28 व्या क्रमांकाचं. 30 संघांच्या ओळीत 28 वा. विकलेल्या मालानेच चेकची रक्कम उडवून लावली.

त्याच 2009 च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटाकडे पाचवा आणि सहावा असे लागोपाठ दोन नंबर होते. त्यांनी दोन्ही वेळा पॉइंट गार्ड निवडले. सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटने पुढे दिग्गज ठरलेल्या स्टीफन करीला उचललं. मिनेसोटा 2004 नंतर बाद फेरीत पोहोचला तो थेट 2018 मध्ये. भविष्य विकत घेणं वेगळं आणि ते ओळखणं वेगळं, एवढंच यावर म्हणता येईल.

दुसरी विक्री 2013 ची, आणि या वेळी विकणारा एन्ज. सेल्टिक्स 41 सामने जिंकून 40 हरले होते. बॉस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांमुळे एक सामना रद्द झाला, नाहीतर हिशेब 82 चा असता. पहिल्याच फेरीत न्यूयॉर्कने त्यांना घरी पाठवलं. संघ वाईट नव्हता, आणि दुखणं नेमकं तेच होतं. मधोमध लटकलेल्या संघाला ना अजिंक्यपद मिळतं ना वरचं पिक. त्रिशंकूला निदान स्वतःचा स्वर्ग मिळाला होता. गार्नेट 37 वर्षांचा, पॉल पिअर्स 35 चा.

पिअर्सबद्दल दोन ओळी जास्त लिहायला हव्यात, कारण बॉस्टनला खरा चटका त्याचाच लागला. 1998 मध्ये दहाव्या क्रमांकावर निवडलेला हा मुलगा 15 हंगाम एकाच संघाकडून खेळला. सप्टेंबर 2000 मध्ये एका क्लबमध्ये त्याच्यावर चाकूचे 11 वार झाले, फुप्फुसावर शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्या हंगामातले 82 च्या 82 सामने तो खेळला. संघ रसातळाला गेला तेव्हाही तो तिथेच होता. अशा माणसाला बाहेर काढायला दगडाचं काळीज लागतं. एन्जकडे ते होतं. स्वतःची रवानगी झालेला माणूस होता तो.

गिऱ्हाईकही मनासारखं भेटलं. ब्रुकलिन नेट्सचा मालक मिखाईल प्रोखोरोव्ह हा रशियन अब्जाधीश. 2010 मध्ये संघ घेताना पाच वर्षांत अजिंक्यपद आणतो असं त्याने सांगून ठेवलं होतं. तीन वर्षं उलटली होती. संघ न्यू जर्सीहून ब्रुकलिनच्या नव्या कोऱ्या स्टेडियममध्ये आलेला. शेजारी न्यूयॉर्क निक्ससारखं जुनं घराणं. मालकाला घाई होती आणि पैशाची ददात नव्हती. बाजारात याहून चांगलं गिऱ्हाईक नसतं.

ड्राफ्टच्याच रात्री, जूनच्या शेवटी, सौदा ठरला आणि 12 जुलैला कागद झाले. गार्नेटच्या करारात, त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नाही असं कलम होतं. पिअर्सने समजूत घातली तेव्हा तो तयार झाला. बॉस्टनने गार्नेट, पिअर्स, जेसन टेरी आणि आणखी एक खेळाडू दिला. ब्रुकलिनने पाच खेळाडू दिले, पण ते बव्हंशी पासंग. त्यातला कीथ बोगन्स आदल्या हंगामात किमान वेतनावर खेळत होता. पगारांची बेरीज जुळावी म्हणून त्याच्याशी वर्षाला सुमारे 50 लाख डॉलरचा करार करून त्याला बॉस्टनला पाठवलं. तराजूत ठेवायचं वजन म्हणून एका मध्यम खेळाडूचं भलं झालं! जेराल्ड वॉलेसचा तर अजून तीन वर्षांचा, वर्षाला सुमारे 1 कोटी डॉलरचा करार शिल्लक होता आणि त्याचे गुडघे-घोटे कुरकुरू लागले होते. ब्रुकलिनला तो बोजा नको होता. एन्जने तो उचलला आणि त्याचीही किंमत पिकांमध्ये वसूल केली.

पिक कुठली, तर पहिल्या फेरीची 2014, 2016 आणि 2018 ची, आणि शिवाय 2017 मध्ये वाटलं तर आपला नंबर देऊन ब्रुकलिनचा नंबर घेण्याची मुभा. वर्षं अशी एक सोडून एक का? 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचा मालक टेड स्टेपियन याने आपली पिक अशी काही वाटून टाकली की लीगला नियम करावा लागला: येणाऱ्या सलग दोन वर्षांची पहिल्या फेरीची पिक देता येणार नाहीत. उधळ्या माणसाच्या नावाचा हा नियम आजही लागू आहे. पण मधल्या वर्षी ‘अदलाबदल’ केली तर कागदावर पिक राहतंच, फक्त त्यातला जीव निघून जातो. एन्जने 2017 साठी तेच केलं. आणि यातल्या एकाही पिकाला संरक्षण नव्हतं. बहुतेक संघ पिक देताना ‘पहिल्या तीनांत आलं तर आमचं आम्हाला’ अशी अट घालतात. ब्रुकलिनने ती घातली नाही. आपण वाईट खेळू ही शक्यता त्यांच्या हिशेबातच नव्हती.

तरी त्या वर्षी वाईट खेळायला त्यांना फार वेळ लागला नाही. प्रशिक्षक होता जेसन किड, काही महिन्यांपूर्वीपर्यंत खेळाडू असलेला. 27 नोव्हेंबरला लेकर्सविरुद्ध शेवटची काही सेकंदं उरली असताना किडकडे टाइमआउट शिल्लक नव्हता. त्याने आपल्याच खेळाडूला धक्का मारायची खूण केली, हातातलं शीतपेय मैदानावर सांडलं, फरशी पुसेपर्यंत खेळ थांबला आणि तेवढ्यात नेट्सनी डाव आखला. त्या उसन्या वेळात पिअर्सने मारलेला तीन गुणांचा फटका हुकला. किडला 50 हजार डॉलर दंड झाला. डिसेंबरमध्ये सेंटर ब्रुक लोपेझचं पाऊल मोडलं. गार्नेटची सरासरी सामन्याला साडेसहा गुणांवर आली. हंगाम 44 विजय आणि 38 पराभवांवर संपला, आणि दुसऱ्या फेरीत मायामीने त्यांना गुंडाळलं. पगाराची मर्यादा ओलांडल्याबद्दल भरावा लागलेला नुसता कर सुमारे 9 कोटी डॉलर.

मधे 26 जानेवारी 2014 ला दोघे नेट्सच्या काळ्या-पांढऱ्या कपड्यांत बॉस्टनला खेळायला आले. मोठ्या पडद्यावर आधी गार्नेटची, मग पिअर्सची जुनी दृश्यं दाखवली गेली. प्रेक्षक उभे राहिले. पिअर्सचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा होता, म्हणजे खरं तर न पाहण्यासारखा. सामना नेट्सनी 85-79 असा जिंकला. शेवटच्या क्षणी गार्नेटने बॉस्टनच्या हातातला चेंडू पळवला. बॉस्टनच्या प्रेक्षकांना वाईट वाटलं असेल, पण पोटात कुठेतरी बरंही वाटलं असणार, कारण त्या हंगामात आपण हरतोय हे त्यांना माहीत होतं आणि कशासाठी हरतोय हेही. सेल्टिक्स 57 सामने हरले.

पिअर्स वर्षभरात वॉशिंग्टनला गेला. गार्नेट फेब्रुवारी 2015 मध्ये पुन्हा मिनेसोटाला. म्हणजे ज्यांच्यासाठी चेक फाडले ते दीड वर्षांत निघून गेले, आणि बरेचसे चेक वटायचे अजून बाकी होते.

ते वटले ते असे. 2015-16 मध्ये ब्रुकलिन 61 सामने हरलं. बॉस्टनला तिसरा नंबर मिळाला आणि एन्जने जेलन ब्राउन निवडला. संघाच्या सहमालकाने चाहत्यांच्या मेळाव्यात हे नाव जाहीर केलं तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी ब्रुकलिन 62 सामने हरलं, लीगमध्ये सर्वांत शेवटी. अदलाबदलीच्या मुभेने तो नंबर बॉस्टनकडे आला, आणि वरचे नंबर ठरवणाऱ्या 16 मे 2017 च्या सोडतीत तो पहिला ठरला. गंमत अशी की आदल्याच रात्री बॉस्टनने वॉशिंग्टनला सातव्या सामन्यात हरवून पूर्व विभागाची अंतिम फेरी गाठली होती. पूर्वेतला अव्वल संघ आणि ड्राफ्टमधला पहिला नंबर, दोन्ही एकाच घरात! एन्जने तो पहिला नंबरही फिलाडेल्फियाला दिला, बदल्यात तिसरा नंबर आणि आणखी एक पिक घेतलं, आणि जेसन टेटम निवडला. फिलाडेल्फियाने पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या मार्केल फुल्ट्झच्या खांद्याला दुखणं लागलं आणि त्याची नेमबाजीच हरवली. 2024 मध्ये सेल्टिक्सनी डॅलसला 4-1 असं हरवून अजिंक्यपद मिळवलं. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो ब्राउन. ज्याच्या नावावर हुर्यो झाली होती तो.

हे वाचून कुणाला वाटेल, विकावं हेच खरं. फिलाडेल्फियालाही 2013 मध्ये तसंच वाटलं होतं. सॅम हिंकी या नव्या कारभाऱ्याने जे जे विकण्यासारखं होतं ते विकलं आणि संघ मुद्दाम कमजोर ठेवला. 63 पराभव, मग 64, मग 72. त्यात लागोपाठ 26 सामने हरण्याचीही एक मालिका. एप्रिल 2016 मध्ये हिंकीने 13 पानी पत्र लिहून राजीनामा दिला. त्या हलाखीतून जोएल एम्बीड मिळाला आणि तो 2023 चा सर्वोत्तम खेळाडूही झाला, पण पुढच्या दशकभरात संघ एकदाही दुसऱ्या फेरीपलीकडे गेला नाही. हिंकीचा भरवसा मुख्यतः स्वतःच्या हरण्यावर होता, एन्जचा दुसऱ्याच्या. स्वतः हरायचं तर त्याची सवय पोरांना लागते, तिकिटं विकली जात नाहीत, वर्षानुवर्षं रिकाम्या खुर्च्या. दुसरा आपल्यासाठी हरत असेल तर आपण जिंकायला मोकळे. 2017 चं बॉस्टन हे त्या चैनीचं चित्र होतं.

असं गिऱ्हाईक रोज भेटत नाही, हीच अडचण. ब्रुकलिनची फजिती पाहून सगळे शहाणे झाले.

एन्जलाही याचा अनुभव आला. डिसेंबर 2021 मध्ये तो युटा जॅझचा कारभारी झाला आणि काही महिन्यांत तेच दुकान मांडलं. सप्टेंबर 2022 मध्ये संघाचा आघाडीचा खेळाडू डोनोव्हन मिचेल क्लीव्हलँडला गेला आणि बदल्यात आलेल्यांत एक होता कॉलिन सेक्स्टन. 2018 चं ब्रुकलिनचं पिक एन्जने बॉस्टनमध्ये असताना कायरी अर्विंग या खेळाडूच्या सौद्यात क्लीव्हलँडला दिलं होतं, आणि त्यातूनच क्लीव्हलँडने आठव्या क्रमांकावर सेक्स्टनला निवडलं होतं. पिअर्स आणि गार्नेट यांच्या बदल्यात मिळालेल्या कागदाचा शेवटचा तुकडा माणूस होऊन पुन्हा एन्जच्या दारात उभा राहिला.

त्याआधी जुलैमध्ये युटाचा 30 वर्षांचा रूडी गोबेर विकला गेला होता. गिऱ्हाईक मिनेसोटा, तेच. पहिल्या फेरीची चार पिक, 2023, 2025, 2027, 2029, मधे 2026 ची अदलाबदल, शिवाय खेळाडू. नमुना ओळखीचा आहे. भाव इतका चढा की मिनेसोटाला सगळे हसले. पण या मिनेसोटाकडे अँथनी एडवर्ड्स होता, विशीतला. 2023 चं पिक 16 वं आलं. 2024 आणि 2025 मध्ये मिनेसोटा लागोपाठ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचला, आणि एन्जच्या हातातल्या चेकांची रक्कम घटत गेली.

मग उरलं ते हिंकीचं औषध. 2024-25 मध्ये युटा 65 सामने हरला, 30 संघांत सर्वांत जास्त. सोडतीच्या यंत्रात 14 चेंडू फिरतात, त्यातले चार काढतात, आणि चार-चार आकड्यांच्या 1001 जुळण्यांतून पहिला नंबर ठरतो. पूर्वी सर्वांत वाईट संघाला पहिल्या नंबराची 25 टक्के संधी असे. मुद्दाम हरणाऱ्यांना आळा बसावा म्हणून 2019 मध्ये ती 14 टक्क्यांवर आणली. मे 2025 च्या सोडतीत पहिला नंबर गेला डॅलसला, ज्याची संधी 1.8 टक्के होती. युटाला पाचवा मिळाला. सर्वांत वाईट संघाला त्याहून खाली घसरायची तेव्हाच्या नियमातच सोय नव्हती.